प्रेमाचे मत आणि शेजाराचे मोल

७ मे २०१५ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सुमारे ३७ टक्के मते पडली आणि तेवढ्या बळावर त्या पक्षाने हाउस ऑफ कॉमन्समध्ये बहुमत मिळविले. त्याच दिवशी त्या देशात आणखी एका मतदानाची मुदत संपत होती. ब्रिटनचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा, हा त्या मतदानाचा विषय होता. डेव्हिड लिंडो या पक्षिनिरीक्षकाने चालविलेल्या या मोहिमेत २ लाख २४ हजारांहून अधिक मते नोंदविली गेली. प्रारंभी साठ पक्षी रिंगणात होते. अंतिम फेरीत दहा उरले. त्यांत गव्हाणी घुबड होते, तांबडी घार होती आणि ‘हेन हॅरिअर’ हा, आपल्याकडे हिवाळ्यात माळरानांवर उतरणाऱ्या भोवत्या पक्ष्यांचा भाऊबंद असलेला शिकारी पक्षीही होता. निकाल लागला तेव्हा रॉबिन या अठरा-वीस ग्रॅम वजनाच्या, नारिंगी छातीच्या पाखराने ३४ टक्के मते घेऊन सर्वांना मागे टाकले होते. दुसऱ्या क्रमांकावरील गव्हाणी घुबडाला १२ टक्के, तर तिसऱ्या क्रमांकावरील ब्लॅकबर्डला ११ टक्के मते मिळाली. हेन हॅरिअर नवव्या स्थानावर राहिला.

या निकालात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, असे कोणीही म्हणेल. रॉबिन परसदारी येतो, माळ्याच्या फावड्याजवळ बसून उकरलेल्या मातीतले किडे टिपतो, भर हिवाळ्यातही गातो आणि नाताळच्या भेटकार्डांवर तर गेली दीडशे वर्षे त्याचेच राज्य आहे. हेन हॅरिअर बहुसंख्य मतदारांनी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नसणार. तथापि, ज्या पक्ष्याला या कौलाची कसलीच गरज नव्हती तो विजयी झाला आणि ज्याचे अस्तित्वच पणाला लागले होते तो तळाशी राहिला, ही गोष्ट नुसती गमतीची म्हणून सोडून देता येत नाही. त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे २०१३ मध्ये, संपूर्ण इंग्लंडात हेन हॅरिअरच्या एकाही घरट्यातून पिल्लू उडाले नव्हते.

तज्ज्ञांचा ससाणा, जनतेचे पाखरू

असाच अनुभव जर्मनीतही आला. तेथे ‘वर्षाचा पक्षी’ निवडण्याची प्रथा १९७१ मध्ये पश्चिम जर्मनीत सुरू झाली. निवड अर्थातच पक्षिसंरक्षण संघटनेतील जाणकारांकडे होती आणि त्यांनी पहिल्या वर्षी बहिरी ससाण्याची निवड केली. कीटकनाशकांचे विष अन्नसाखळीतून चढत चढत त्याच्यापर्यंत पोहोचले होते, त्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली होती आणि अनेक प्रदेशांतून तो नाहीसा होत चालला होता. समाजाचे लक्ष जिकडे जायला हवे तिकडे ते वळविणे, हा त्या निवडीचा हेतू होता. पन्नास वर्षांनी, २०२१ साठीची निवड प्रथमच सर्वसामान्य जनतेच्या ऑनलाइन मतदानावर सोपविण्यात आली. साडेचार लाखांहून अधिक मते पडली आणि विजयी झाला तो रॉबिनच. जर्मनीत या पक्ष्याची संख्या लाखांनी मोजण्याइतकी आहे. त्याला कोणताही तातडीचा धोका नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील अशाच मतदानात ‘सुपर्ब फेअरी-रेन’ हे निळ्या डोक्याचे, शेपटी उभारून टुणटुणणारे, चिमणीहूनही लहान पाखरू पहिले आले.

१९७१ चा ससाणा आणि २०२१ चा रॉबिन यांच्यातील अंतर हे केवळ आवडीनिवडीचे अंतर नव्हे. जाणकारांनी ‘कोणाला गरज आहे?’ या प्रश्नाचे उत्तर दिले होते, जनतेने ‘कोण आवडतो?’ या प्रश्नाचे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिले म्हणजे.

बाळसेदार चेहऱ्याचे शास्त्र

लहान, गोजिरवाणे प्राणी माणसाला का आवडतात, याचे एक उत्तर प्राणिवर्तनशास्त्राने फार पूर्वी दिलेले आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये असे प्रतिपादन केले की, मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, चेहऱ्यावर खाली बसविलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय आणि गोंधळलेल्या हालचाली ही तान्ह्या मुलाची लक्षणे दिसताच प्रौढ माणसाच्या मनात जपणुकीची प्रेरणा आपोआप जागी होते. ही किल्ली इतकी ढोबळ आहे की ती चुकीच्या कुलपालाही लागते. मूल नसले तरी मुलासारखे दिसणारे काहीही पुढे आले, मग ते मांजराचे पिल्लू असो वा गोल अंगाचे पाखरू, माणूस विरघळतो. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ मधील एका निबंधात मिकी माउसच्या चित्रांची मोजमापे घेऊन दाखविले की, पन्नास वर्षांत या उंदराचे डोके आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे होत गेले. स्वभावाने तो जसजसा सोज्ज्वळ झाला तसतसा तो रूपानेही लहान मूल होत गेला.

हे सारे खरे असले तरी तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. पहिली अडचण रॉबिननेच उभी केली आहे. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी या पक्ष्यावर अनेक वर्षे निरीक्षणे करून १९४३ मध्येच पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रॉबिनची जी मूर्ती उभी राहिली ती भेटकार्डावरील मूर्तीहून अगदी वेगळी होती. आपल्या हद्दीत दुसरा रॉबिन आला की हे पाखरू त्याच्यावर तुटून पडते. इतकेच नव्हे, तर नुसत्या तांबड्या पिसांचा झुबका ठेवला तरी त्यावर हल्ला चढविते. अशा झटापटींत प्राणही जातात. अर्थात, मतदार मत देतो ते पाखराच्या स्वभावाला नव्हे, त्याच्या मुखवट्याला, असे म्हणून या अडचणीतून सुटका करून घेता येईल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हिंस्र श्वापदे मतदानात नेहमी हरतात, हेच मुळी खरे नाही. २००४ मध्ये एका प्राणिविषयक दूरचित्रवाणी वाहिनीने ७३ देशांतील पन्नास हजारांवर प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा जगातील सर्वांत लाडका प्राणी म्हणून वाघ पहिला आला. २१ टक्के मते वाघाला आणि २० टक्के कुत्र्याला. फ्रान्समधील फ्रँक कूरशां व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही लोकांना मोहविणाऱ्या प्राण्यांच्या यादीत वाघ आणि सिंह अग्रस्थानी होते. न्यूझीलंडमध्ये २००५ पासून ‘वर्षाचा पक्षी’ निवडला जातो. तेथील बहुमान २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ‘कारेआरेआ’ या देशी ससाण्याने पटकावला. वाघाच्या चेहऱ्यात किंवा ससाण्याच्या चोचीत तान्ह्या मुलाचे लक्षण शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही.

मग रॉबिन जिंकतो तो का, आणि वाघ जिंकतो तोही का? या दोन निकालांना एकाच सूत्रात गोवणारे कारण शोधले पाहिजे. ते प्राण्याच्या चेहऱ्यात सापडत नाही, मतदाराच्या खिशात सापडते.

फुकटचे मत

लोकशाहीतील मतदाराचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करणाऱ्या अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये एक अप्रिय गोष्ट सांगितली होती. लक्षावधी मतांत आपल्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून त्या मतासाठी कष्टपूर्वक माहिती मिळविणे सामान्य मतदाराला परवडत नाही आणि त्याचे अज्ञान हे एका अर्थी शहाणपणाचेच असते. पुढे जेफ्री ब्रेनन आणि लोरेन लोमास्की यांनी १९९३ मध्ये या विचाराला वेगळे वळण दिले. निकाल आपल्या हाती नाही हे ठाऊक असलेला मतदार मत देतो ते काही घडवून आणण्यासाठी नव्हे, आपण कोण आहोत हे व्यक्त करण्यासाठी. क्रिकेटच्या मैदानावर टाळ्या पिटणारा प्रेक्षक धावा काढत नसतो. तो आपली निष्ठा बोलून दाखवीत असतो.

राजकीय निवडणुकीला हे वर्णन कितपत लागू पडते, यावर वाद होऊ शकेल. तेथे निदान कर, भाववाढ, नोकऱ्या यांचे परिणाम मतदाराला उद्या भोगावयाचे असतात. प्राण्यांच्या लोकप्रियतेच्या मतदानाला मात्र ते तंतोतंत लागू पडते. येथे मत देणाऱ्याला काही द्यावे लागत नाही आणि मत चुकले तरी काही गमवावे लागत नाही. रॉबिनला मत देणाऱ्याच्या परसात उद्यापासून अधिक रॉबिन येणार नाहीत, आणि वाघाला मत देणाऱ्या पॅरिसच्या वा शिकागोच्या नागरिकाच्या अंगणात वाघही येणार नाही. दोघांनीही विनामूल्य प्रेम केले. म्हणूनच दोघांनाही हवे तेवढे प्रेम करता आले.

सूत्र सापडते ते येथे. लोकप्रियतेच्या मतदानात जिंकतो तो प्राणी लहानच असावा लागतो असे नाही. तो मतदाराकडे काही न मागणारा असावा लागतो. लहान, गोंडस प्राणी या कसोटीला सहज उतरतात, कारण त्यांच्या शेजारात राहूनही फारशी किंमत पडत नाही. परसातील रॉबिन चार किड्यांवर समाधानी असतो. मोठ्या श्वापदाला ही सवलत एकाच मार्गाने मिळते आणि तो मार्ग म्हणजे अंतर. वाघ पडद्यावर असेल, चित्रात असेल, सात समुद्रांपलीकडे असेल तर तो रॉबिनइतकाच निरुपद्रवी होतो. मग त्याचे पट्टे, त्याची चाल, त्याची नजर यांचे निर्वेध कौतुक करता येते. न्यूझीलंडच्या ससाण्याचेही तसेच. त्याचे वजन जेमतेम अर्धा किलो. तेथील मतदाराची गुरे तो उचलून नेत नाही. उलट, त्याच न्यूझीलंडमध्ये स्टोट हा मुंगसासारखा दिसणारा, इवल्याशा गोल कानांचा, मऊ केसाळ प्राणी राष्ट्राचा शत्रू ठरला आहे. युरोपातून नेलेल्या या प्राण्याने तेथील न उडणाऱ्या पक्ष्यांचा संहार मांडल्यामुळे २०५० पर्यंत त्याचा आणि उंदीर, पॉसम यांचाही समूळ नायनाट करण्याचा संकल्प त्या देशाने २०१६ मध्ये सोडला. गोजिरवाणेपण त्यांना वाचवू शकलेले नाही, कारण त्यांच्या सहवासाची किंमत त्या समाजाला कळून चुकली आहे.

लोरेन्झ यांची किल्ली खोटी नाही. ती स्वस्ताईच्या बाजारातच चालते, एवढेच. किंमत पुढे आली की तिचा उपयोग सरतो.

माळावरचा हिशेब

अर्थशास्त्रात पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडलेला एक विचार रूढ आहे. माणसाला काय आवडते हे तो काय बोलतो यावरून ओळखू नये. किंमत मोजायची वेळ आल्यावर तो काय निवडतो, यावरून ओळखावे. हेन हॅरिअरला ही कसोटी लावली असता चित्र स्वच्छ होते. हा पक्षी उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील उंचावरच्या माळांवर जमिनीवर घरटे करतो. त्याच माळांवर ‘रेड ग्राउझ’ नावाचा तित्तिरासारखा पक्षी असतो आणि हाकारे घालून त्याची शिकार करणे हा तेथील जमीनदारांचा मोठा व्यवसाय आहे. शिकारीचा एकेक दिवस मोठ्या रकमेला विकला जातो. हॅरिअर ग्राउझची पिल्ले खातो. म्हणजे जमीनदाराच्या उत्पन्नातच तो भागीदार होतो.

ही भागीदारी किरकोळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. स्कॉटलंडमधील लँगहोम येथील माळावर १९९२ ते १९९७ या काळात शास्त्रीय पाहणी करण्यात आली. शिकारी पक्ष्यांना हात लावायचा नाही, असे ठरल्यावर तेथील हॅरिअरच्या माद्यांची संख्या दोनांवरून वीसपर्यंत वाढली, ग्राउझ रोडावले आणि शिकारीचा व्यवसाय बंद पडला. जमीनदाराची भीती निराधार नव्हती. पण त्या भीतीचा परिणाम काय झाला? हॅरिअरला गेली कित्येक दशके कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. इंग्लंडच्या माळांवर त्याच्या तीनशेहून अधिक जोड्या मावतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात २०१३ मध्ये यशस्वी घरट्यांची संख्या शून्यावर आली. उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या ५८ हॅरिअरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेले असावेत, किंवा ते तसे मारले गेल्याची खात्रीच आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर संख्या काहीशी सावरली, पण माळ अजून बऱ्याच अंशी रिकामाच आहे.

एका बाजूला या पक्ष्याला अंतिम दहांत आणून बसविणारे शहरी मतदार आणि दुसऱ्या बाजूला त्याला माळावर टिकू न देणारे हितसंबंध! पहिल्यांचे प्रेम फुकट होते आणि म्हणून निष्फळ ठरले. दुसऱ्यांचा द्वेष हिशेबी होता आणि म्हणून परिणामकारक ठरला. गुन्ह्याचे समर्थन कोणीच करणार नाही. कायद्याची कडक अंमलबजावणी झालीच पाहिजे. परंतु ज्या प्राण्याच्या जगण्याचा सारा खर्च एका गटावर आणि त्याच्या असण्याचा सारा आनंद दुसऱ्या गटाला, अशी वाटणी झाली, तेथे नुसत्या मतांच्या राशीने काही साधत नाही, हा धडा त्या माळावर लिहिलेला आहे.

मतदानाने काय साधते?

या मतदानांच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. त्यांचा मुद्दा असा की, ही खरी निवडणूक नसून लोकशिक्षणाचे साधन आहे. एरवी ज्याने कधी आकाशाकडे मान वर केली नसती तो मनुष्य पंधरवडाभर पक्ष्यांविषयी वाचतो आणि मुलांशी त्यांच्याविषयी बोलतो. न्यूझीलंडच्या मतदारांनी २०१९ आणि २०२४ मध्ये ‘होइहो’ या दुर्मिळ होत चाललेल्या पेंग्विनला निवडले. २०२१ मध्ये तर पक्षी नसलेल्या एका वटवाघळाला निवडून त्यांनी जगाचे लक्ष वेधले. मतदार नेहमीच रूपावर भाळतो असे नाही, चांगला प्रचार झाला तर तो गरजेकडेही पाहतो, हे या उदाहरणांवरून दिसते. हा मुद्दा रास्त आहे. मात्र त्याच देशात २०२३ मध्ये एका अमेरिकी विनोदी निवेदकाने मनावर घेतल्याबरोबर ‘पुतेकेतेके’ या पाणपक्ष्याला साडेतीन लाखांतील २ लाख ९० हजारांवर मते पडली, हेही विसरता येत नाही. जे मत इतक्या सहज उभे राहते ते तितक्याच सहज विरूनही जाते.

खरी चिंता निराळीच आहे. प्रेमामागून पैसा जातो. जागतिक वन्यजीव निधीने १९६१ मध्ये आपल्या बोधचिन्हासाठी पांडा निवडला. मांसभक्षकांच्या गणातला, पण बांबू खाणारा. डोळ्यांभोवतीच्या काळ्या डागांमुळे ते मोठे भासणारा. शिवाय काळ्यापांढऱ्या छपाईत खर्च वाचविणारा! निवड चतुर होती, यात शंका नाही, आणि त्या चित्राने जमविलेल्या पैशातून पांड्याखेरीज अनेक प्राण्यांचे भले झाले. परंतु सरकारी तिजोरीसुद्धा अशाच आकर्षणाने झुकू लागली म्हणजे काय होते? अँड्र्यू मेट्रिक आणि मार्टिन वाइट्झमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील संकटग्रस्त प्रजातींवरील खर्चाचे विश्लेषण केले. कोणावर किती खर्च होतो हे ठरविताना प्राण्याचा आकार आणि तो सस्तन वा पक्षी असणे, या गोष्टींचे वजन त्याला असलेल्या धोक्यापेक्षा जास्त पडते, असे त्यांना आढळले. मतपेटीत लहानांचा विजय आणि अंदाजपत्रकात मोठ्यांचा! वरवर हा विरोधाभास दिसतो. वस्तुतः दोन्हीकडे निर्णय घेणारा डोळाच आहे. कोळी, बेडूक, गोगलगाई, गवताच्या जाती हे सारे त्या डोळ्याला दिसतच नाहीत. २०१३ मध्ये ब्रिटनमधील एका गमत्या संघटनेने ‘सर्वांत कुरूप प्राण्या’ची निवडणूक घेऊन ‘ब्लॉबफिश’ या खोल समुद्रातील माशाला निवडून दिले, ते या पक्षपाताची थट्टा करण्यासाठीच.

शेकरू आणि बिबट्या

हा सारा प्रकार परदेशातला म्हणून आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे आणि राज्यपक्षी हरियाल. दोन्ही निवडी सुंदर आहेत. त्या लोकांच्या मतदानातून झालेल्या नाहीत, हेही खरे. पण वाघ आणि बिबट्या या दोघांचेही घर असलेल्या राज्याने आपली ओळख म्हणून तांबूस झुपकेदार शेपटीची, झाडावरून जमिनीवर क्वचितच उतरणारी खार पुढे करावी, यातही माणसाच्या मनाचा तोच कल दिसतो. भीमाशंकरच्या रानाला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला तो मुख्यतः शेकरूसाठी. त्याच डोंगरांच्या पूर्वेला जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्या नांदतो. एकाच जिल्ह्यातील हे दोन प्राणी. एकाचे चित्र पाठ्यपुस्तकात, दुसऱ्याचे वर्तमानपत्राच्या अपघाताच्या बातम्यांत.

बिबट्या उसात का आला, याचे उत्तरही अर्थकारणातच आहे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी या कोरडवाहू पट्ट्यात बारमाही पाणी आणले आणि पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. मादीला पिल्ले घालण्यास त्याहून सुरक्षित जागा नाही. कुत्री, शेळ्या, डुकरे हे भक्ष्य गावाच्या कडेला आयतेच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे दिसून आले. एखाद्या जंगलाला शोभेल अशी ही संख्या आहे, आणि अभ्यासाच्या काळात तेथे माणसावर जीवघेणा हल्ला झालेला नव्हता. सहवास अशक्य नाही, याचा हा पुरावा होय. पण तो विनामूल्य नाही, याचा पुरावा २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसराने दिला. तेथे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले आणि संतप्त गावकरी महामार्गावर उतरले. वीज रात्रपाळीने येते म्हणून मध्यरात्री उसाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपाने वेचण्यासाठी पहाटे रानात शिरणाऱ्या बाईला, तुमचा लाडका प्राणी कोणता, असे विचारण्याचे धैर्य कोणी करणार नाही.

असे असूनही, श्वापदाच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या समाजांनी त्याच्याशी जे नाते जोडले ते केवळ द्वेषाचे नाही. डहाणू-जव्हारच्या बाजूचे वारली वाघोबाला पूजतात. त्याची देवळी रानाच्या वाटेवर असते. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखविला जातो. ‘बा’ हे उपपद लाडाने लावलेले नाही. आमच्या गुराढोरांना सांभाळ, तुझा मान आम्ही ठेवतो, असा तो एक करार आहे, आणि करारात दोन्ही बाजूंनी काही द्यावे लागते. वाघ गोड आहे, असे वारली म्हणत नाही. वाघ आहे आणि त्याला जागा द्यावी लागते, एवढेच तो मान्य करतो. लोकप्रियतेच्या मतदानात ज्या गोष्टीला रकानाच नसतो ती ही गोष्ट आहे.

अर्थात, वाघोबाच्या श्रद्धेचे गोडवे गाऊन शहरी समाजाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. सहनशीलतेचा वारसा हा सरकारी अनुदानाला पर्याय होऊ शकत नाही. श्वापदांचे रक्षण ही जर साऱ्या समाजाची इच्छा असेल, तर तिचा खर्चही साऱ्या समाजाच्या करांतून निघाला पाहिजे. मारल्या गेलेल्या शेळीची किंवा वासराची भरपाई ही दयेची मदत नसून, समाजाने ठेवलेल्या प्राण्याचे शेतकऱ्याला दिलेले भाडे आहे, या भावनेने ती दिली गेली पाहिजे आणि पंचनाम्यांच्या फेऱ्यांत न अडकता पोहोचली पाहिजे. बंदिस्त गोठे, वस्तीजवळच्या कचऱ्याचा व मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, शेतीला दिवसा वीज, वनखात्याकडे पुरेशी माणसे व वाहने या गोष्टींत चित्ताकर्षक असे काही नाही आणि त्यांच्यासाठी कोणी ऑनलाइन मतदान घेणार नाही. पण बिबट्याचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे भवितव्य त्यांच्यावरच अवलंबून आहे.

वाघाच्या बाबतीत हे काही अंशी घडले. १९७२ मध्ये वाघ राष्ट्रीय प्राणी ठरला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभीच्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. हे यश लोकप्रियतेच्या मतांनी मिळालेले नाही. कायदा, पैसा, वनरक्षकांची पायपीट आणि घरदार सोडून उठलेल्या गावांचा त्याग यांतून ते मिळाले आहे. त्यांतील शेवटच्या बाबीची किंमत पुरती चुकती झाली, असे आजही म्हणता येत नाही.

लहान, गोजिरवाण्या प्राण्यांना मते पडतात त्याबद्दल कोणी मतदारांना दोष देऊ नये. रॉबिनवर किंवा शेकरूवर प्रेम करणे हा गुन्हा नाही. निसर्गाकडे जाणारी बहुतेकांची पहिली पायरी तीच असते. दोष आहे तो त्या प्रेमाला धोरणाचा दर्जा देण्यात आणि मतांच्या आकड्याला संरक्षणाचे माप समजण्यात. लोकप्रियतेचा निकाल वाचताना जाणत्या वाचकाने पहिल्या क्रमांकावरून नजर खाली आणावी आणि यादीच्या तळाशी कोण राहिले, ते जेथे राहते तेथे त्याच्या शेजारी कोण राहतो आणि त्या शेजाऱ्याच्या पदरात समाजाने आजवर काय टाकले, एवढे तरी विचारावे.